नाशिकहून मोत माउली: पॅरिशची बस घ्यावी का, आणि घेतली तर कोणत्या दिवशी?

मोत माउली म्हणजे मुंबईत वांद्र्याच्या डोंगरावरच्या माउंट मेरी चर्चमधली मरिया, येशूची आई. ऑगस्टच्या मध्याला नाशिकमधल्या चर्चांच्या नोटीस बोर्डावर एक कागद हमखास लागतो. मोत माउली यात्रा, वांद्रे, एक दिवस, नावे ऑफिसात द्यावीत. खाली माणशी रक्कम, निघायची वेळ आणि 'नाश्ता व जेवण समाविष्ट'. त्या कागदावर जे लिहिलेलं नसतं, त्यावरच दिवस कसा जाणार हे ठरतं. म्हणून हा आढावा.

निकाल आधीच सांगतो. साठीपुढच्या माणसांना, लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना आणि मुंबईची सवय नसलेल्यांना पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, बसला पर्याय नाही. पण ती बस जत्रेच्या पहिल्या रविवारी निघणार असेल तर नाव देऊ नका. पहिल्या रविवारी डोंगरावर तीन तास रांगेत आणि हायवेवर दहा तास बसमध्ये जातात. माउलीसमोर मिळतात ती मोजून काही सेकंदं.

मरियेचा जन्मदिन 8 सप्टेंबर. वांद्र्याची जत्रा मात्र त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत आठ दिवस चालते. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना. या हिशेबाने 2026 मध्ये जत्रा 13 ते 20 सप्टेंबर येते. आता 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. 13 तारखेच्या रविवारी मुंबईतून गावाला निघालेल्या गाड्या, गणपती नेणारे टेम्पो आणि आपली बस सगळे एकाच रस्त्यावर असतील. रेल्वेने जाणाऱ्यांनी तर त्या दिवशी दादरला उतरायचा विचारही करू नये, फुलबाजारामुळे स्टेशनबाहेर पाऊल ठेवायला जागा नसते.

2027 चं गणित त्याहून अवघड आहे. जत्रेचा पहिला रविवार 12 सप्टेंबरला येतो आणि नाशिकच्या सिंहस्थातलं तिसरं अमृतस्नान 11 सप्टेंबरला जाहीर झालंय, त्र्यंबकेश्वरचं 12 ला. त्या दोन दिवसांत नाशिकच्या द्वारका चौकातून किंवा मुंबई नाक्यावरून पहाटे बस बाहेर काढायची म्हणजे काय, ते मागचा कुंभमेळा पाहिलेल्या कोणालाही विचारा. त्या वर्षीची यात्रा नोव्हेनाच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेरीचं स्नान झाल्यावर 8 तारखेच्या आत, नाहीतर 12 च्या पुढच्या आठवड्यात ठेवावी. पॅरिश कौन्सिलने हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवलं तर बरं.

मग दिवस कोणता? आमचं मत बुधवार. कारण साधं आहे. खाडीच्या अलीकडे माहीमचं सेंट मायकल चर्च आहे, तिथे 1948 पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना होते, सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक. माहीम ते वांद्रे अंतर तीन-चार किलोमीटर. एकाच भाड्यात दोन्ही ठिकाणं होतात, आणि जत्रेतला बुधवार हा रविवारच्या मानाने निवांत असतो. 2026 चा बुधवार 16 सप्टेंबर, दीड दिवसाचे गणपती आदल्या दिवशी गेलेले आणि पाच दिवसांचे अजून दोन दिवस घरातच. यापेक्षा मोकळा दिवस त्या आठवड्यात सापडणार नाही. तोटा एवढाच की नोकरदारांना रजा टाकावी लागते आणि मुलांची शाळा बुडते. ज्या पॅरिशमध्ये बसची निम्मी नावं निवृत्त लोकांची असतात, तिथे तरी रविवारचा हट्ट कशाला हे कळत नाही. माहीमला मात्र सकाळी अकराच्या आत पोचावं, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथलीही गर्दी रविवारला लाजवते.

आता रस्ता. नाशिक ते वांद्रे जाताना सुमारे 175 किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर साडेआठ-नऊला पोचता. पाचला निघालात तर साडेदहा वाजतात, सहाला निघालात तर बारा. एक तास उशीर पोचेपर्यंत दीड तासाचा होतो, आणि तो सगळा वडपे ते माजिवडा या पट्ट्यात. भिवंडी बायपासचं रुंदीकरण, गोदामांचे कंटेनर, मानकोलीचा नाका आणि खारेगावचा पूल हे सगळं तिथेच. सकाळी सातच्या आत तो पट्टा ओलांडायचा, बाकी कुठे थांबायचं ते थांबा.

समृद्धीने जावं का, हे हल्ली सगळे विचारतात. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. त्याने कसारा घाट टळतो, आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून बस सरळ पलीकडे निघते. पावसाळ्यात घाटातलं धुकं आणि बंद पडलेले ट्रक पाहता वयस्कर माणसांची बस असेल तर वरचा टोल द्यायला हरकत नाही, ओकारीच्या पिशव्याही कमी लागतात. पण वेळ फार वाचतो या भ्रमात राहू नका, आमण्याला उतरलं की पुढे वडपे-माजिवडा आहेच. टोलचं आणखी एक. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला तो मोटारींसारख्या हलक्या वाहनांना. मोठी खासगी बस त्यात बसत नाही. हिशेबात तो धरायला विसरतात आणि मग माजिवड्याच्या पुढे फादरांच्या खिशात हात जातो.

वेळेचं खरं वाटोळं होतं ते नाशिकमध्येच. नाशिकरोडला पहिला थांबा, मग द्वारका, मग मुंबई नाका, मग सिडकोच्या लोकांसाठी पाथर्डी फाटा. प्रत्येक ठिकाणी दोन कुटुंबं 'निघालोच, कोपऱ्यावर आहे' म्हणतात. चार थांब्यांत पाऊण तास गेला म्हणून समजा. दोनच थांबे ठेवावेत, एक नाशिकरोडकडे आणि एक मुंबई नाक्याला. पहाटे चारला सिटीलिंकची बस नसते, म्हणून रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. ज्या यात्रेचे आयोजक 'पाच मिनिटं थांबू, मग बस सुटेल' असं स्पष्ट लिहितात आणि तसं वागतात, तिथे नाव द्या.

बसबद्दल. करार करताना गाडीचा नंबर आणि आसनं लिहून घ्यावीत, कारण दाखवायची एक आणि पहाटे दारात उभी राहायची दुसरी, हा प्रकार यात्रेच्या हंगामात नेहमीचा. 49 आसनांची सांगितलेली बस 45 ची निघाली की चार जण मधल्या वाटेत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतात, घाटात ते चालायचं नाही. दुसरं, माइक. पुढच्या स्पीकरजवळ माइक धरला की शिटी वाजते, म्हणून जपमाळ सांगणाऱ्याने तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसावं. पाच रहस्यांची जपमाळ गाण्यांसकट अर्धा तास घेते. ती विल्होळी ते घोटी या सरळ रस्त्यावर उरकते. घाट लागल्यावर सुरू केली तर निम्मी बस डोळे मिटून लिंबू हुंगत असते आणि 'नमो मरिये'ला उत्तर द्यायला ड्रायव्हरच उरतो.

पहिली विश्रांती इगतपुरीच्या आसपास, पेट्रोल पंपाला लागून हॉटेल असेल तिथे. का, तर बायकांसाठी शौचालय. वीस-बावीस बायका आणि दोन शौचालयं म्हणजे पंचवीस मिनिटं जातात. चहाला दहा मिनिटं दिली आहेत म्हणून ती वाचत नाहीत. दुसरा थांबा शहापूर-पडघ्याच्या टापूत घ्यावा. ठाण्यानंतर वांद्र्यापर्यंत बस थांबवायला जागाच नसते, आणि डोंगरावरच्या तात्पुरत्या सोयींपुढे जत्रेत लांब रांग असते. कागदावर दोन थांबे लिहिलेले नसतील तर ऑफिसात विचारा.

वांद्र्यात बस डोंगरावर जात नाही. जत्रेच्या आठवड्यात माउंट मेरीचा रस्ता आणि आजूबाजूच्या गल्ल्या बाहेरच्या गाड्यांना बंद असतात. बस रेक्लमेशनच्या बाजूला किंवा त्या वर्षी वाहतूक पोलीस सांगतील तिथे लागते. तिथून पुढे चालणं आहे, आणि शेवटचा भाग चढाचा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेकडून सुटणाऱ्या बेस्टच्या जादा गाड्या बऱ्या. सगळ्यांना एकदम नेण्याचा अट्टहास न करता दोन स्वयंसेवकांबरोबर वयस्कर गट वेगळा पाठवणारी पॅरिश म्हणजे तिला काम कळतं.

चालत जाणाऱ्यांनी हिल रोडवर सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये दहा मिनिटं बसावं. सोळाव्या शतकातलं चर्च, आत गार, आणि बहुतेक यात्रा त्याच्या दारावरून तशाच पुढे जातात. आता डोंगरावरच्या चर्चचा इतिहास. अठराव्या शतकात 1738 च्या आसपास मराठ्यांच्या मोहिमेच्या काळात वरचं चॅपल पाडलं गेलं आणि 1760 च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं. त्याही आधी, 1700 मध्ये अरबी चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला असं परंपरा सांगते. समुद्रात गेलेली मूर्ती कोळ्यांना सापडली हीही तिथलीच कथा, आणि कोळ्यांच्या तोंडी ती मोत माउली. आजची दगडी इमारत 1904 ची, बॅसिलिकाचा, म्हणजे पोपने दिलेला खास चर्चचा, मान 1954 चा. बसमध्ये माइक हातात असतो तेव्हा हे पाच मिनिटांत सांगता येतं. त्याऐवजी अंताक्षरी का, ते आयोजकच जाणोत.

मेणबत्त्यांकडे नीट वळू, कारण फसगत सगळ्यात जास्त इथे होते. चढावर आणि चर्चसमोर दुकानं ओळीने. मेणाचे हात, पाय, डोळे, आख्खं बाळ, कौलारू घर, बंगला, विमानसुद्धा. ज्याचा नवस त्या आकाराची वस्तू. हातात घेऊन पाहा: साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण बोटाला लागते, बोटांमध्ये मेणाचा पातळ पापुद्रा राहिलेला असतो आणि मनगटाशी वात बाहेर आलेली. पायाच्या आकारात घोट्यापाशी तो पोकळ असला तर गर्दीत तिथेच तुटतो. दाबून नाही, हलकेच टिचकी मारून बघा, भरीव आणि पोकळ यांचा आवाज वेगळा येतो. भाव चर्चच्या जितके जवळ जाल तितका चढा. एकाच वस्तूचे खालच्या आणि वरच्या दुकानातले पैसे विचारून मगच घ्या.

नाशिकहून उंच मेणबत्त्या घेऊन जाणारेही असतात, मुलाच्या उंचीएवढी मेणबत्ती बोललेली असते म्हणून. ती सामानाच्या फळीवर आडवी ठेवू नका. साधं मेण चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बंद बसच्या टपाखाली तेवढं तापमान सहज होतं. इंजिनाच्या बॉनेटजवळ ठेवलेली तर कसाऱ्यालाच धनुष्य होते. वर्तमानपत्रात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून, सीटच्या बाजूला उभी बांधा. वर पोचल्यावर आकाराच्या वस्तू आत अर्पण करायच्या, पेटवायच्या साध्या मेणबत्त्या बाहेरच्या स्टँडवर लावायच्या. गर्दीत पेटती मेणबत्ती हातात घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. पुढच्या बाईच्या साडीचा पदर नायलॉनचा असतो.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. जत्रेत मिस्सा पहाटेपासून चालू असतात, इंग्रजी, कोकणी, हिंदी, तमिळ आणि मराठीही. मराठी मिस्सेची वेळ दरवर्षीच्या पत्रकात पाहावी आणि बसची वेळ तिच्यामागे लावावी. इथे आयोजक उलटं करतात, आधी निघायची वेळ ठरते आणि मग पोचल्यावर जी चालू असेल ती मिस्सा. शेवटच्या बाकावरच्या आजीला इंग्रजी प्रवचनातलं 'आमेन' तेवढं कळतं. पाप निवेदन मात्र नाशिकलाच, आदल्या शनिवारी करून घ्या. वर रांग लागते आणि घाईत ते करू नये. मिस्सेच्या विनंत्या वहीत लिहून नेण्यापेक्षा एका पाकिटात एकत्र द्याव्यात, खिडकीपाशी चाळीस जणांनी चाळीस चिठ्ठ्या लिहीत बसायचं नाही.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुलाव सकाळी तीनला डब्यात भरला तर दुपारी एकला आंबलेला असतो, सप्टेंबरच्या दमटपणात हमखास. पोळी, सुकी बटाट्याची भाजी, लोणचं, उकडलेली अंडी आणि केळी एवढं पुरे. दह्याचं काही नको. उपास सोडायचा तर जत्रेत कडयो-बोडयो, खाजं, पेरूचं चीज असा गोड खाऊ मिळतो. कडयो-बोडयो दोन दिवस टिकतात, घरच्यांना न्यायला तेच घ्या.

पैशाचा हिशेब करून पाहू. जाऊन-येऊन आणि मुंबईत फिरून 370 किलोमीटर. समजा किलोमीटरला 50 रुपये ठरले, तर 18,500. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता मिळून समजा 4,500. झाले 23,000. 49 जण आले तर माणशी 470, पण 38 च आले तर 605. नावं 49 ची येतात आणि पहाटे 41 उभे असतात, ही नेहमीची गोष्ट. म्हणून नाव देतानाच पैसे घेणारी आणि आठवडाभर आधी रद्द केल्यास परत, नंतर नाही, असं सांगणारी पॅरिश कडक वाटली तरी तीच न्याय्य. नाहीतर न आलेल्यांचं भाडं आलेल्यांच्या माथी. जेवणाचे माणशी दीडशे धरून सव्वासहाशे ते साडेसातशेच्या आसपास यात्रा बसते. हजाराच्या वर मागत असतील तर हिशेब विचारायला लाजू नका, चर्चचं काम आहे म्हणून हिशेब नसतो असं नाही.

तरुण आणि सडेफटिंगांना रेल्वे जास्त सोयीची. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते, दादरला उतरा, पश्चिम मार्गावर माटुंगा रोड, माहीम आणि मग वांद्रे. बुधवारी माहीमलाच उतरलात तर नोव्हेना आधी होते. परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, नाशिकरोडला साडेनवापर्यंत. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, जुलैच्या मध्यातच काढा. पासवाल्यांच्या डब्यात चुकून चढलात तर कल्याणपर्यंत उभे. रविवारी जायचं असेल तर मेगाब्लॉक पाहून जा. एसटीही विसरू नका: मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, त्यामुळे पाच-सहा बायकांचा गट असेल तर खासगी बसपेक्षा हे स्वस्त पडतं. पुढचा मुंबईतला प्रवास मात्र स्वतःच्या हिमतीवर.

पॅरिशच्या बसवर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप परतीचा आहे. दुपारी दोनला सगळं आटोपतं, मग कोणीतरी म्हणतं 'आलोच आहोत तर जुहू', नाहीतर लिंकिंग रोडची खरेदी. चारला निघायचं ते साडेसहाला निघतं, ठाण्यात ऑफिस सुटलेलं असतं आणि नाशिकला रात्री एक वाजतो. ज्यांना समुद्र बघायचाय त्यांनी बॅण्डस्टॅण्डला उतरावं, डोंगराच्या पायथ्याशीच आहे, चालत दहा मिनिटं. परतीची वेळ आणि बसची जागा छापील चिठ्ठीवर प्रत्येकाच्या हातात असावी, कारण जत्रेच्या गर्दीत मोबाइलला नेटवर्क असूनही फोन लागत नाही.

आणि ज्यांना मुंबईच नको, त्यांना हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यातलं संत तेरेजाचं चर्च, आपल्याच नाशिक धर्मप्रांतातलं, आणि 8 सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवार-रविवारची मतमाउली यात्रा. सगळं मराठीत, मैदान मोकळं, बस थेट जवळ जाते. सिन्नर, शिर्डी, बाभळेश्वर, श्रीरामपूर हा रस्ता, एका बाजूने सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान, घाट नाही. वांद्र्याच्या निम्म्या दगदगीत होतं, पण चिखल असतो, चपला साध्या घाला आणि पांढरी साडी नको. रेल्वेने जाणाऱ्यांनी मनमाडला गाडी बदलायची आणि श्रीरामपूरला उतरायचं, पण तिकिटावर स्टेशनचं नाव बेलापूर असतं. मोबाइलवर तिकीट काढताना नवी मुंबईचं सीबीडी बेलापूर निवडू नका.